नाव झाकून वाचलं तर?



आज आपण गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या नवव्या श्लोकापाशी आलो. हा ध्यानाचा अध्याय. आसन कसं असावं, पाठ आणि मान कशी ठेवावी, नजर कुठे असावी, हे सगळं भगवंत पुढच्या काही श्लोकांत सांगतात. पण अर्जुनाला आसनावर बसवायच्या आधी ते त्याच्यापुढे माणसांची एक यादी ठेवतात. काही अपेक्षा न ठेवता आपलं भलं करणारा, जिवाभावाचा मित्र, शत्रू, कुणाच्याच बाजूचा नसलेला, भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये उभा राहणारा, आपल्याला बघवत नाही असा, आपला नातलग, सज्जन आणि दुर्जन. नऊ प्रकारची माणसं. या सगळ्यांकडे बघताना ज्याची बुद्धी सारखी राहते तो विशेष, असं भगवंत सांगतात.

मला आधी वाटायचं, ही यादी इथे कशाला? ध्यानाला बसायचं तर डोळे मिटायचे, माणसं बाहेर. पण तुम्ही कधी कुणावर अन्याय करून ध्यानाला बसला आहात का? माणसं बाहेर राहत नाहीत हो. आसनासमोर येऊन बसतात आणि आपल्याकडे बघत राहतात. मला हे कळलं ते एका क्रिकेटच्या ग्रुपमुळे. हसू नका, सांगतो.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मुंबई इंडियन्सच्या चाहत्यांचा. कॉलेजच्या कट्ट्यावर सहा जणांनी सुरू केला. मग मित्राचा मित्र, त्याचा मावसभाऊ, ऑफिसमधलं कुणी, असं करत करत तीनशेच्या आसपास गेला. आम्ही तिघं ॲडमिन. मी, माझा शाळेपासूनचा एक मित्र, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका. काका कट्टर चेन्नईवाले. चिडवायला कुणीतरी हवं म्हणून आम्ही त्यांना घेतलं होतं आणि वयाचा मान म्हणून ॲडमिन केलं होतं. ग्रुपचे नियम तीनच. आई-बहिणीवरून शिवी नाही, जात-धर्म-प्रांतावरून बोलायचं नाही, खेळाडूच्या घरच्यांना मध्ये ओढायचं नाही. नियम मोडला की आठवडाभर बाहेर.

आता २०२४ चा एप्रिल आठवा. आदल्या डिसेंबरमध्ये रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्या कर्णधार झाला होता. रोहितने मुंबईला पाच वेळा आयपीएल जिंकून दिलेलं, आणि हार्दिक दोन मोसम गुजरात टायटन्सचं नेतृत्व करून परत आलेला. चाहत्यांच्या मनात राग साचला होता. पहिला सामना अहमदाबादला, तिथे हार्दिकची हुर्यो उडवली गेली. १ एप्रिलला संघ घरी आला, वानखेडेवर, तर तिथेही तेच! आपलं मैदान, आपला संघ आणि आपल्याच कर्णधाराची हुर्यो. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. सामना चालू असताना सीमारेषेजवळ उभा असलेला रोहित हाताने खुणा करून लोकांना थांबवत होता. ज्याच्यासाठी लोक भांडत होते तोच थांबा म्हणत होता.

तो सामनाही आपण हरलो. मोसमातला सलग तिसरा पराभव. त्या रात्री आमच्या ग्रुपमध्ये नुसता जाळ होता. एका मुलाने लिहिलं, की हार्दिकवर एवढा राग काढून काय होणार, कर्णधार बदलायचा निर्णय काही त्याने एकट्याने घेतला नसेल. हा मुलगा नवीनच होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या शाळेतल्या मित्राने, म्हणजे आमच्या दुसऱ्या ॲडमिननेच, त्याला आईवरून शिवी हासडली. वर हार्दिकच्या घरच्यांबद्दलही एक वाक्य ठोकलं. म्हणजे तीनपैकी दोन नियम एकाच मेसेजमध्ये मोडले. मुलाने तीच शिवी उलट दिली.

मी काय केलं? दोन मिनिटांत त्या मुलाला ग्रुपमधून काढलं. आणि मित्राला हसण्याचा इमोजी टाकून लिहिलं, "शांत हो रे, बीपी वाढेल."

पाच मिनिटांनी मुलाचा मला वेगळा मेसेज आला. "दादा, शिवी मी दिली, चूक झाली. पण तोच शब्द माझ्या आधी त्यांनी वापरला होता. एकदा वर जाऊन बघाल का?"

मी मेसेज वाचला. त्याला निळ्या टिका दिसल्या असणार. मी उत्तर दिलं नाही.

मित्रांनो, मी त्या वेळी स्वतःला वाईट माणूस समजत नव्हतो. माझ्याकडे कारणं होती. मित्राला मी पंचवीस वर्षं ओळखतो. त्याच्या मनात काही नसतं, तोंड फक्त फाटकं आहे. त्या महिन्यात त्याच्या बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं, त्याची झोप उडाली होती. हे सगळं खरं होतं. पण त्या मुलाचं काय? त्याच्या घरी काय चाललंय, त्याची परीक्षा आहे का, तो तरी झोपलाय का, हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. आपल्या माणसाने चूक केली की आपल्याला त्याची परिस्थिती दिसते. दुसऱ्याने केली की फक्त चूक दिसते. पक्षपात म्हणजे खोटं बोलणं असं मला वाटायचं. तसं नाही. मी एकही खोटं वाक्य बोललो नव्हतो. फक्त माझा कनवाळूपणा एकाच पारड्यात टाकला होता.

चौथ्या दिवशी सकाळी वाचनात हाच श्लोक आला. डोळे मिटले तर समोर तो मुलगा. चेहरा मी कधी पाहिलेला नाही, तरी तोच समोर. उठलो, फोन घेतला, वर स्क्रोल केलं. दोघांचे मेसेज कॉपी करून नोट्समध्ये टाकले, नावं काढून टाकली आणि आंघोळीला गेलो. परत येऊन वाचलं. हार्दिकच्या घरच्यांबद्दलची ओळ सोडली तर कुठली शिवी कुणाची, हे सांगता येईना. आणि ती जास्तीची ओळ, जिच्यासाठी जास्त शिक्षा हवी होती, ती नेमकी माझ्या मित्राची होती.

त्या दिवशी ऑफिसला जाताना लोकलमध्ये एकच विचार डोक्यात होता, ॲडमिनपद सोडून द्यावं. आपण साधना करणारी माणसं, आपल्याला कशाला हवीत ही भांडणं? कोण हार्दिक, कोण रोहित, सगळी माया! समत्व म्हणजे तरी काय, कुठेच न गुंतणं. आणि मला अगदी शांतही वाटलं. पण ही शांती खोटी होती, हे त्याच श्लोकाने दाखवलं.

यादीत दोन शब्द जवळजवळ येतात, उदासीन आणि मध्यस्थ. वरवर दोन्ही सारखेच वाटतात, बाजू न घेणारे. आचार्य शंकर आपल्या भाष्यात दोघांना वेगळं करतात. उदासीन म्हणजे जो कुणाचाच पक्ष घेत नाही तो. मध्यस्थ म्हणजे जो परस्परविरोधी असलेल्या दोघांचंही हित इच्छितो तो. केवढा फरक आहे बघा! उदासीनाला कुणाशीच घेणं-देणं नाही. मध्यस्थाला दोघांशीही आहे. मी ॲडमिनपद सोडलं असतं तर उदासीन झालो असतो. त्या मुलाचं काय झालं असतं? काहीच नाही. तो बाहेरच राहिला असता, आणि मी ध्यानाला बसलो असतो!

महाभारतात सभापर्वामध्ये एक हिशोब सांगितलाय, तो वाचून माझी झोप उडाली. द्यूतसभेत द्रौपदी प्रश्न विचारते आणि मोठी मोठी माणसं गप्प बसतात. तेव्हा विदुर उठून त्यांना एक जुनी कथा सांगतो, आणि त्या कथेत कश्यपांच्या तोंडी हा हिशोब येतो. निंदेला पात्र अशा कर्माची जिथे कुणी निंदा करत नाही, तिथे अर्धं पाप त्या सभेच्या प्रमुखाला लागतं. चौथा हिस्सा करणाऱ्याला. उरलेला चौथा हिस्सा बघत बसणाऱ्या सभासदांना. आणि जिथे चुकीला चूक म्हटलं जातं, तिथे प्रमुख आणि सभासद मोकळे होतात, दोष फक्त करणाऱ्याकडे जातो.

म्हणजे शिवी दिली मित्राने, त्याच्या वाट्याला पाव. तीनशे जण बघत बसले, त्या सगळ्यांत मिळून पाव. आणि इमोजी टाकून हसलेल्या ॲडमिनच्या वाट्याला अर्धं.

विदुराने सांगितलेली ती कथा कुठली, माहितीये? प्रल्हादाची. आपण प्रल्हाद म्हटलं की खांब आणि नरसिंह आठवतो, लहानगा भक्त आठवतो. इथला प्रल्हाद मोठा झालाय, राजा आहे, बाप आहे. त्याचा मुलगा विरोचन आणि अंगिरस ऋषींचा मुलगा सुधन्वा यांच्यात केशिनी नावाच्या कन्येवरून श्रेष्ठ कोण असा वाद पेटतो. पैज थेट प्राणांची लागते. न्याय कुणाकडे मागायचा? उद्योगपर्वातल्या कथेत सुधन्वाच म्हणतो, चल तुझ्या वडिलांकडे जाऊ, प्रल्हाद मुलासाठीसुद्धा खोटं बोलणार नाही.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. पुढचं नंतर वाचलं. प्रतिस्पर्ध्याने न्यायासाठी आपल्या विरोधकाचा बाप निवडला! प्रल्हादाची भक्ती किती खरी होती याची यापेक्षा मोठी पावती कुठली असेल? आणि मी स्वतःला विचारलं, उद्या एखाद्या चेन्नईच्या पोराचं माझ्या मित्राशी भांडण झालं, तर ते पोरगं म्हणेल का, की चला त्या दादाकडे, तो मित्रासाठीसुद्धा वाकडं बोलणार नाही? उत्तर मला ठाऊक होतं.

प्रल्हादही लगेच निकाल देत नाही बरं का. तो चाचरतो. एक माझा एकुलता एक मुलगा, दुसरा समोर उभा ब्राह्मण, माझ्यासारख्याने यांचा निवाडा कसा करावा, असं म्हणतो. मग तोच विचारतो, की खोटा निवाडा देणाऱ्याची रात्र कशी जाते? सुधन्वा सांगतो, जुगारात हरलेल्या माणसाची जाते तशी, ओझं वाहून अंग ठणकणाऱ्याची जाते तशी. आणि मग प्रल्हाद मुलाच्या विरुद्ध निकाल देतो. विरोचना, सुधन्वा तुझ्याहून श्रेष्ठ आहे, तुझे प्राण आता त्याच्या हातात आहेत. पण पुढचं ऐका. निकाल दिल्यावर तो सुधन्व्याकडे मुलाचे प्राण मागतो. बाप म्हणून मागतो. आणि सुधन्वा देतो, कारण प्रल्हादाने प्रेमापोटी खोटं निवडलं नाही.

म्हणजे समबुद्धी झाली म्हणून प्रल्हादाचं मुलावरचं प्रेम गेलं नाही. त्याने ते निकालाच्या आधी पारड्यात टाकलं नाही, निकालानंतर उघड मागितलं. आपलं बरोबर उलटं होतं. आपण प्रेम निकालात गुपचूप मिसळतो आणि वर म्हणतो, मी तटस्थ आहे.

त्या संध्याकाळी मी आधी काकांना फोन केला.

"काका, एक निकाल द्यायचाय. दोघांनी तोच नियम मोडलाय. एक माझा मित्र आहे. मी देणार नाही, तुम्ही द्या."

काका हसले. "अरे, मी चेन्नईचा. तुमचा शत्रुपक्ष!"

"म्हणूनच काका."

काकांनी दोघांचे मेसेज वाचले. म्हणाले, "मुलाचे चार दिवस भोगून झालेत, आता तीन राहिले. मित्राला आजपासून आठवडा, आणि दुसऱ्या नियमासाठी अजून एक आठवडा. आणि तू सगळ्यांसमोर चूक कबूल कर. काढलंस सगळ्यांसमोर ना? मग माफी कोपऱ्यात नको."

हा काकांचा मार्ग क्रिकेटला नवा नाही. पूर्वी कसोटी सामन्यात पंच यजमान देशाचेच असायचे. दौऱ्यावर गेलेला प्रत्येक संघ कुरकुर करायचा. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिज यांच्या कसोटीत दोन भारतीय पंच उभे राहिले, व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. पाकिस्तानच्या मैदानावर पाकिस्तानचा सामना, आणि निकाल भारतीयांच्या हातात! पुढे १९९४ पासून कसोटीत एक पंच तटस्थ देशाचा आला आणि २००२ पासून दोन्ही. याचा अर्थ आधीचे सगळे पंच बेईमान होते असा नाही. चांगल्या माणसाचा डोळासुद्धा आपल्या माणसाकडे कलतो, हे खेळाने मान्य केलं एवढंच. आपण साधक मात्र हे मान्य करायला लाजतो. मी नामस्मरण करतो, मग मी निष्पक्ष असणारच, असं आपल्याला वाटतं. नाही मित्रांनो. जिथे आपलं माणूस आहे तिथे निकाल दुसऱ्याच्या हातात देणं हीसुद्धा साधनाच आहे.

मी ग्रुपवर लिहिलं. चार ओळी लिहायला पाऊण तास लागला. त्या रात्री मी वर न बघता एकालाच काढलं, दुसऱ्याने आधी तेच केलं होतं, तो माझा मित्र असल्याने मी हसण्यावारी नेलं, चूक माझी आहे. आणि मित्राला दोन आठवड्यांसाठी काढलं. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत हे बटण दाबायला बोट तयार होईना.

त्याचा फोन आला. ओरडला नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, "बाबा ॲडमिट आहेत माझे. आणि तू एका अनोळखी पोरासाठी मला सगळ्यांसमोर बाहेर काढलंस. मग आपली टीम, आपली माणसं म्हणून काय राहिलं रे?"

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतं, आणि तेही वानखेडेवरचंच आहे. १९८० च्या फेब्रुवारीत तिथे भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटी झाली. गुंडाप्पा विश्वनाथ आपला कर्णधार. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेले होते. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या विश्वनाथला खात्री होती की चेंडू बॅटला लागलेलाच नाही. त्याने जाऊन पंचांना सांगितलं आणि टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली. आपण ती कसोटी दहा गडी राखून हरलो. पण आज इतक्या वर्षांनंतर त्या सामन्यातलं विश्वनाथचं कुठलं काम लोक अभिमानाने सांगतात? आपली माणसं म्हणून जे राहतं ते हे. आपल्या बाजूचा माणूस खोट्यावर जिंकू नये असं वाटणं, हेही आपल्या बाजूवरचं प्रेमच आहे.

पण इथे एक धोक्याचा वळसा आहे, तोही सांगतो, कारण मी त्यात अडकलो. त्या प्रसंगानंतर महिनाभर मी मुंबईच्याच लोकांवर जास्त कडक झालो. चेन्नईच्या कुणी टोमणा मारला की गंमत, आपल्या कुणी मारला की ताकीद. लोक म्हणायला लागले, वा, ॲडमिन किती निष्पक्ष! मला ते आवडायला लागलं. एके रात्री काकांचा मेसेज आला, "बाळा, आता तू आमच्या बाजूने पक्षपात करतोयस." कान लाल झाले माझे. स्वतःचं नाव उजळावं म्हणून आपल्या माणसाला जास्त शिक्षा देणं हा न्याय नव्हे, तोही अहंकारच. नाव झाकून वाचायचं म्हणजे त्या दोघांचं झाकायचंच, आणि तिसरं, निकाल देणाऱ्याचंही झाकायचं.

तो मुलगा? मी त्याला वेगळी माफी मागितली, तीन दिवसांनी परत येण्याची लिंक पाठवली. "ठीक आहे दादा, थँक्स," एवढंच उत्तर आलं. तो परत आला नाही. आजही नाही. न्याय उशिरा केला की तो पूर्ण होतोच असं नाही, हे मी त्याच्याकडून शिकलो.

आणि मित्र? आम्ही अडीच महिने बोललो नाही. त्याचे बाबा घरी आले तेव्हा मी भेटून आलो, तो मुद्दाम बाहेर गेला होता. मग २९ जूनची रात्र आली. बार्बाडोसला टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल, शेवटची ओव्हर, चेंडू हार्दिकच्या हातात. आपण सात धावांनी जिंकलो. हार्दिक रडत होता. रोहितने त्याला जवळ घेतलं. माझा फोन वाजला. मित्र होता. दोघंही काही बोललो नाही, नुसते नाक ओढण्याचे आवाज.

४ जुलैला मरीन ड्राइव्हवर विजयाची मिरवणूक निघाली, आम्ही दोघं त्या गर्दीत होतो. वानखेडेवर तीन महिन्यांपूर्वी ज्या नावाची हुर्यो उडाली होती, तेच नाव लोक आता प्रेमाने ओरडत होते. मित्रही घसा फोडून ओरडत होता. मी त्याच्याकडे बघितलं, तसा म्हणाला, "असा बघू नकोस."

मीही ओरडलो, आनंद खराच होता. पण परतताना ट्रेनमध्ये एक गोष्ट टोचत राहिली. ही गर्दी बदलली ती हार्दिक जिंकला म्हणून. तो सामना आपण हरलो असतो तर? विजयाने दिलेलं प्रेम हे समत्व नाही, तो फक्त पारडं दुसऱ्या बाजूला झुकल्याचा आवाज आहे. त्या मुलाने जे लिहिलं होतं ते १ एप्रिललाही तितकंच खरं होतं. त्याला न्याय हार्दिक जिंकायच्या आधी हवा होता.

भगवंतांनी ती यादी ध्यानाच्या आधी का ठेवली, हे आता थोडं उमगतंय. समबुद्धी आसनावर बसून मिळत नाही. ती ग्रुपमध्ये, घरात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, दोन भावंडांच्या भांडणात कमवावी लागते. आणि नऊ जणांच्या यादीतला सगळ्यात कठीण माणूस शत्रू नाही. शत्रूशी न्यायाने वागायला आपण निदान सावध तरी असतो. कठीण आहे तो मित्र, आणि तो बंधू, कारण तिथे आपण सावध नसतोच.

आजचा छोटासा अभ्यास. आज कुणाच्याही भांडणात तुम्हाला काही बोलायची वेळ आली, घरी असो की ग्रुपवर, तर तीन गोष्टी करा. शेवटचा मेसेज वाचून बोलू नका, वर जाऊन पहिल्यापासून वाचा. नावं काढून वाचा. आणि त्यातलं एक माणूस तुमचं असेल, तर निकाल दुसऱ्याला द्यायला सांगा, शक्यतो समोरच्या बाजूच्या माणसाला. सामना चालू असताना तर काहीच ठरवू नका, रात्र जाऊ द्या.

ज्ञानोबा माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनातला वाकडेपणा जावा एवढंच मागितलं. आणि तो वाकडेपणा कुणाच्या मनात आहे, माझ्या का समोरच्याच्या, हे त्यांनी नाव घेऊन सांगितलेलं नाही.

विठ्ठला, माझी माणसं मला प्रिय राहू देत. फक्त माझा काटा हलू देऊ नकोस.

रामकृष्ण हरी!